तीस हजारांत लग्नाची सजावट: पुण्यातल्या एका कार्यालयाच्या प्रकल्प नोंदी

जागा: सिंहगड रस्त्यालगतचं छोटं मंगल कार्यालय, पहिला मजला. लग्न रविवार, ८ डिसेंबर २०२४. काढीव मुहूर्त, दुपारी १२ वाजून ११ मिनिटं. पाहुणे साडेतीनशे. सजावटीला एकूण ३०,००० रुपये. त्यात प्रवेशद्वार, स्टेज, गौरीहर, चार खांब आणि वरमाला. जेवणाचा हॉल यात नाही.

१० नोव्हेंबर, रविवार. मोजमाप

स्टेज २४ फूट रुंद, १४ फूट खोल. स्टेजच्या फळीपासून छत १२ फुटांवर. मागची भिंत फिकट हिरव्या ऑइलपेंटची आणि चकचकीत. फ्लॅश पडला की ती चमकणार, तेव्हा ती पडद्याने झाकायची. दार ८ फूट रुंद. हॉलमधले गोल खांब १४ इंच व्यासाचे, म्हणजे घेर साधारण पावणेचार फूट.

कार्यालयाचे नियम: खिळा नाही, भिंतीला चिकटपट्टी नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी काढताना रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन येते आणि अनामत कापली जाते. म्हणून सगळं स्वतःच्या पायावर उभं राहणारं हवं.

जिना मोजला. मधल्या वळणावर १० फुटी पाइप फिरत नाही आणि लिफ्टमध्ये साडेसहा फुटांच्या वर काही जात नाही. पडदा टांगायचा सांगाडा ५-५ फुटांच्या जोडपाइपांचाच सांगायचा. मोजमाप करायला जाणारे स्टेज मोजतात आणि जिना विसरतात. मग रात्री अकराला पाइप खालीच राहतो.

स्टेजच्या डाव्या हाताला १५ अँपिअरचे दोन सॉकेट. दाराजवळचा सॉकेट केटररच्या कॉफी मशीनच्या लाइनवर आहे, त्यावर काहीही लावायचं नाही.

हॉल शनिवारी रात्री ११ ला मिळणार, आधी दुसऱ्यांचं रिसेप्शन आहे. फोटोग्राफर सकाळी ७ ला येतो. कागदावर आठ तास, हातात सहा: पहिला तास आधीच्या मंडळींचं सामान हलण्यात आणि फरशी पुसण्यात जातो, शेवटचा झाडलोटीत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. पैशांची वाटणी

२६,८०० रुपयांची आखणी, ३,२०० राखीव. राखीव रक्कम दहा टक्क्यांच्या खाली नेऊ नये, कारण फुलांचा भाव कुणाच्या हातात नसतो.

कमी पैशांतल्या सजावटीत सगळे फुलांच्या भावावर घासाघीस करतात. प्रत्यक्षात पैसा जातो टेम्पोत आणि रात्रीच्या मजुरीत. या आखणीतही मजुरी आणि टेम्पो मिळून सगळ्या फुला-पाल्याच्या जवळ जातात. म्हणून नियम एकच: कार्यालयात फक्त टांगायचं, बांधायचं, ठेवायचं. ओवणं, शिवणं, रंगवणं, मोजून कापणं हे सगळं आधी घरी. रात्री कात्री फक्त सुतळीला लागली पाहिजे.

नजर जिथे जाते तिथेच खर्च: दार, स्टेजचा मधला भाग, गौरीहर. खुर्च्यांना कापडी कव्हर आणि बो नाही. साडेतीनशे बो बांधायला दोन माणसांची अर्धी रात्र जाते आणि पाहुणा त्यावर पाठ टेकून बसतो. छताला झालरही नाही. १२ फुटांवर शिडी लावून केलेलं काम सर्वांत महाग पडतं आणि फोटोत येत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार. कापड

बुधवारी, २० तारखेला, विधानसभेचं मतदान. त्याआधीच खरेदी उरकली. रविवार पेठेत ठोक दुकानातून.

साटीन आणि टाफेटा नाकारलं. दोन्ही चकाकतात, फ्लॅशमध्ये पांढरे डाग दिसतात आणि घडीच्या रेषा जात नाहीत. शिवाय समोर लाजाहोम आहे, आणि सिंथेटिक कापड पेटलं की वितळून ठिबकतं. न धुतलेलं मांजरपाट, म्हणजे जाडं सुती कापड, घेतलं. रंग साईसारखा, त्यावर झेंडू उठून दिसतो. वजनामुळे सरळ पडतं, आणि लग्नानंतर गोधडीच्या अस्तराला, पिशव्यांना कामी येतं.

हिशोब: रुंदी २४ फूट, चुण्यांसाठी दीडपट म्हणजे ३६ फूट. पन्हा (कापडाची रुंदी) ४८ इंच, म्हणजे ९ पट्टे. उंची १० फूट, वर पाइप ओवायला ६ इंचांची नळी, खाली दुमड, मिळून ३.४ मीटर. ९ × ३.४ = ३०.६, घेतलं ३१ मीटर. ६० रुपये दराने १,८६०. दीडपटीपेक्षा कमी घेतलं तर चुण्या सपाट होतात आणि पडदा चादरीसारखा दिसतो. मांजरपाटाला दुप्पट लागत नाही, ते जाड आहे.

वरच्या काठाला कॉटन-मिक्स खण, लाल-हिरवा. खणाचा पन्हा ३१ इंच. उभ्या १०-१० इंचांच्या तीन पट्ट्या निघतात. अडीच मीटरमध्ये साडेसात मीटर पट्टी होते, २४ फुटांना पुरते. १८० दराने ४५०. ही पट्टी नुसती शोभेची नाही, तिचं खरं काम ७ डिसेंबरच्या नोंदीत आहे.

ज्यांच्याकडे कापडालाही पैसे नाहीत त्यांनी घरातल्या सुती साड्या वापराव्यात. साडी साडेपाच मीटरची. ९ फुटांवरच्या पाइपवर मधोमध टाकली की दोन्ही बाजूंनी बरोबर ९ फूट खाली येते. शिलाई नको, पिन नको. मात्र पैठणीला पिन लावू नये. जरीत धागा तुटला की पदरावर ओरखडा उमटतो आणि तो निघत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार. सांगाडा

मंडपवाल्याकडे चार खांबांचा, ८-८ फुटांच्या तीन गाळ्यांचा सांगाडा ठरला होता. तो बदलून पाच खांब, ६-६ फुटांचे चार गाळे. ५०० रुपये जास्त, एकूण ३,०००. कारण वजन. ३१ मीटर मांजरपाट पाचएक किलो भरतं. पण ९ फुटांच्या २४ झेंडूमाळा म्हणजे २१-२२ किलो, आणि त्यातल्या दोन तृतीयांश मधल्या दहा फुटांत. एक इंची पाइप ८ फुटांच्या गाळ्यात मधोमध झुकतो. पाइप झुकला की सगळ्या चुण्या मध्याकडे सरकतात आणि कडेला भिंत उघडी पडते. पाचवा खांब नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या बरोबर मागे येतो, त्यामुळे दिसत नाही.

प्रत्येक खांबाच्या बैठकीवर १५ किलो वाळूचं पोतं. माळा पुढच्या बाजूला लटकतात, सांगाडा पुढे कलतो, म्हणून पोतं मागच्या काठावर ठेवायचं.

नऊ पट्टे घरी शिवले. पट्टे एकमेकांना जोडले नाहीत, सुटे ठेवले. जोडलेला ३६ फुटी पडदा दोघांना उचलत नाही आणि जिन्यात मळतो. नळीत पाइप ओवायला सोपं जावं म्हणून पाइपच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधायची, नाहीतर पत्र्याची कड शिवण उसवते.

३० नोव्हेंबर, शनिवार. दिवे

संध्याकाळी कार्यालयातच चाचणी. दोन मीटर मांजरपाट, झेंडूची एक माळ, मोबाइलचा कॅमेरा. स्टेजवर कार्यालयाचे निळे-जांभळे एलईडी आहेत. त्यांच्या उजेडात केशरी झेंडू मातकट आणि पिवळा झेंडू हिरवट दिसतो. ते बंद ठेवायला लेखी सांगून ठेवलं. पिवळसर उजेडाचे, ३,००० केल्विनचे चार एलईडी पार लाइट (स्टेजचे फोकस दिवे) भाड्याने, २५० प्रमाणे. समोरून, दोन्ही बाजूंच्या उंच स्टँडवरून तिरके. पडद्याच्या पायथ्याशी ठेवून वर मारलेला उजेड फोटोत छान वाटतो, पण स्टेजवर वीस माणसं चढली की तो त्यांच्या कंबरेत अडतो.

जुने हॅलोजन फुकट मिळत होते, घेतले नाहीत. त्यांच्या आचेने जवळची फुलं दोन तासांत मान टाकतात आणि कापडाजवळ ते धोक्याचेच.

पडद्यामागे माळांचे दिवे लावून पाहिले. मांजरपाटातून उजेड येत नाही. म्हणून बारा माळांऐवजी सहाच, त्या फक्त दाराला.

४ डिसेंबर, बुधवार. फुलांचा सौदा

आठवडा वाईट आहे. उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घरोघरी महालक्ष्मीचे घट, त्यामुळे शेवंती आणि वेण्यांचा भाव चढलेला. शनिवारी चंपाषष्ठी, खंडोबाच्या तळीला आणि देवळांना झेंडू. गुलटेकडीच्या फूलबाजारात शनिवारी पहाटे ऐनवेळी झेंडू उचलणं म्हणजे सांगेल तो भाव. पुरंदरकडच्या शेतकऱ्याशी थेट ठरवलं: ४५ किलो, ६० रुपये, शनिवारी दुपारी घरपोच. सौदा करताना दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. फूल पूर्ण उमललेलं पण मधला डोळा घट्ट असलेलं, आणि तोडणी दव वाळल्यावर. ओलं तोडलेलं फूल पोत्यात तापतं आणि देठाकडून काळं पडतं.

४५ किलो कसे: मध्यम फूल किलोत १२० च्या आसपास बसतं. मधून सुई घालून दाटीने ओवलं तर एका फुटाला ११-१२ फुलं, म्हणजे किलोला दहा फूट माळ. पडद्याला २४ × ९ = २१६ फूट. स्टेजच्या पुढच्या काठाला झोकदार ३० फूट. चार खांबांना सात-सात वेढे, १०० फूट. दाराला ६०. बेरीज ४०६, वर दहा टक्के नासाडी.

मोगऱ्याच्या नादी हिवाळ्यात लागू नये. हंगाम नसतो, जो मिळतो तो बारीक आणि महाग. सुगंधासाठी ३ किलो निशिगंध पुरे, तो गौरीहर आणि दाराजवळ.

फेंजल वादळाच्या उरलेल्या ढगांनी थंडी पळवलीय, हवा दमट. थंडीत ओवलेली माळ दोन दिवस राहते, या हवेत राहणार नाही. ओवणं शुक्रवारऐवजी शनिवारी दुपारी.

६ डिसेंबर, शुक्रवार. गौरीहर, केळी, फलक

गौरीहराच्या चार कोपऱ्यांना पाच-पाच बोळकी, एकूण वीस, ३० रुपये प्रमाणे. गेरू लावून वर चुन्याच्या रेघा. बोळकी एकावर एक ठेवली की डुगडुगतात, कारण कुंभाराच्या चाकावरचं तोंड आणि बूड कधीच तंतोतंत बसत नाही. प्रत्येक दोहोंमध्ये काथ्याचं कडं ठेवायचं, मग वरून सुत गुंडाळायचं. गोंदाने चिकटवू नये, नंतर वाटून देता येत नाहीत.

केळीचे चार खुंट. घड उतरवलेली झाडं शेतकरी नाहीतरी तोडतोच, पैसे तोडणी आणि वाहतुकीचे. दोन दाराला पानांसकट, पानं देठाकडून वर गुंडाळून सुतळीने बांधलेली, नाहीतर टेम्पोत वाऱ्याने चिंध्या होतात. उरलेल्या दोन खुंटांचे फूटभर लांबीचे सहा तुकडे केले. गुलाबाचे देठ खोचायला फुलांच्या स्पंजऐवजी हे. खोड पाण्याने भरलेलं असतं, तिरपा कापलेला देठ त्यात आठ-दहा तास ताजा राहतो. फक्त चीक: केळीचा चीक कापडावर पडला की तपकिरी डाग पडतो आणि तो कशानेही जात नाही. म्हणून तुकडे आदल्या दिवशी कापून रात्रभर बादलीत उभे निथळायचे आणि स्टेजवर पत्रावळीवर ठेवायचे.

नावांचा फलक पुठ्ठ्याचा, १,२००. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी दुकानदार काढून दाखवतात.

७ डिसेंबर, शनिवार

पहाटे गुलटेकडी. शेवंती १२५ धरली होती, १४० ला मिळाली, १० किलो. डच गुलाब २० दांड्यांची जुडी १९० ला, सहा जुड्या. अशोकाची पानं, आंब्याचे डहाळे, कामिनी मिळून ९००. वरमाला तयार घेतल्या, जोडी २,२००. घरी ओवलेली वरमाला बहुतेक वेळा लांबीत फसते किंवा गळ्याशी टोचते, तिथे काटकसर नको. जुडीवरचा कागद न काढता गुलाबाचे देठ इंचभर तिरपे कापले, पानं खालून उतरवली, चार तास बादलीत.

दुपारी २ ला झेंडू आला. पोती लगेच उलटून चादरीवर पसरली. पंख्याखाली अर्धा तास. मग ओवणी. सरावलेला माणूस तासाला २० फूट ओवतो, ४०६ फुटांना वीस माणूस-तास, म्हणजे पाच जण चार तास. हळदीला जमलेल्या घरच्यांतले पाच हात यासाठी आधीच सांगून ठेवलेले असावेत, नाहीतर हळदीनंतर कुणी सापडत नाही.

ओवायची सुई १० इंची, दोरा नायलॉनचा. ९ फुटी माळ ९०० ग्रॅमची होते. एकेरी सुती दोरा भिजला की गाठीशी तुटतो, आणि तुटतो तो पहाटे चारला. खालच्या टोकाला नुसती गाठ पुरत नाही, फुलातून निसटते. नारळाच्या हिराचा बोटभर तुकडा आडवा बांधायचा. दर बारा फुलांमागे एक पांढरी शेवंती.

लटकलेली माळ स्वतःच्या भाराने दाबली जाते. सकाळपर्यंत फुलं खाली सरकून वर तीन-चार इंच दोरा उघडा पडतो. खणाची १० इंची पट्टी त्यासाठी आहे. तीच माळांच्या पुढून पिनांनी लावायची, मागून नाही.

तयार माळांवर पाणी मारू नये. झेंडूच्या पाकळ्यांत पाणी अडतं, दमट हवेत कुजतं, वास येतो. बांबूच्या हाऱ्यात सैल वेटोळी घालून वर पिळलेलं गोणपाट. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही नाही. प्रत्येक हाऱ्यावर चिठ्ठी: पडदा मध्य १६, पडदा कडा ४+४, खांब, दार, काठ.

रात्री ११.४० ला हॉल हातात आला. मजुरीची माणसं तीन ठरली होती, चौथा वाढवला, १,२०० रुपये. तिघांत एक खाली टेम्पोपाशी अडकतो, एक जिन्यात, मग स्टेजवर शिडी धरायला कुणी राहत नाही. चौघांत दोन-दोनच्या जोड्या पडतात.

क्रम: सांगाडा जमिनीवर आडवा जोडला, पट्टे ओवले, मग उभा केला. उभ्या सांगाड्यावर शिडीवरून पडदा ओवायला तिप्पट वेळ लागतो. पोती टाकली. पट्ट्यांवर फवारणीच्या बाटलीने नुसती धुई मारली आणि हाताने खाली ओढलं, चुरगळ्या तासाभरात गेल्या. जास्त भिजवलं तर मांजरपाट आक्रसतं आणि खालचा काठ उचलला जातो. २ वाजता मधल्या माळा. सोळा माळा दहा फुटांत, म्हणजे साडेसात इंचांवर एक. कडेला चार-चार, दीड-पावणेदोन फुटांवर. समान अंतरावर चोवीस टांगल्या असत्या तर मध्य विरळ दिसला असता, आणि जोडप्याच्या फोटोत तेवढाच मध्य येतो.

खांबांना वेढे घालताना माळ वर सुतळीच्या कड्याला बांधायची आणि दर दोन वेढ्यांमागे अशोकाच्या पानांखाली लपवून एक आडवी सुतळी घ्यायची. नाहीतर मुलं एकदा हात लावतात आणि सगळी माळ पायाशी.

दाराचं तोरण शेवटी. आंब्याची पानं मध्यशिरेपाशी दुमडून दोन इंचांवर एक. रांगोळी सगळ्यांत शेवटी, झाडून झाल्यावर, साडेपाचला.

८ डिसेंबर, रविवार

६.३० ला झाडलोट पूर्ण. पार लाइट लावून फोटोग्राफरला मध्य दाखवला. गुलाबाचे सहा तुकडे सकाळीच मांडले, कामिनीच्या पाल्याने खोड झाकून.

गुरुजींनी होमकुंड पडद्याच्या जवळ, मागे सरकवून मांडायला घेतलं. जागा आधी खडूने आखलेली होती, पडद्यापासून सहा फूट, तिथेच ठेवलं. वाळूची एक बादली खांबामागे.

९.३० ला गौरीहर. चार कोपऱ्यांतली एक उतरंड चौरंग सरकवताना कलली, काथ्याच्या कड्यांमुळे पडली नाही.

अक्षतांबरोबर पाकळ्या वाटायची सूचना आली, ती मोडून काढली. झेंडूच्या ओल्या पाकळ्या पायाखाली चिरडल्या की गालिच्यावर पिवळे डाग आणि फरशीवर घसरण. अक्षता कोरड्याच बऱ्या.

दुपारी ३ वाजता दाराकडच्या दोन माळा उन्हाने मलूल, बाकी ठीक. पश्चिमेचं दार असेल तर तिथे झेंडू कमी आणि आंबा-अशोकाचा पाला जास्त ठेवावा.

सायंकाळी ५ ला रिकामं करायचं. उतरवताना आधी माळा कापून चादरीवर, मग खण, मग पडदा. उलट केलं तर फुलांचा रस कापडाला लागतो. माळांमधला नायलॉन ओढून वेगळा काढला आणि फुलं खतासाठी सोसायटीच्या खड्ड्यात. नायलॉन राहिला तर खत चाळताना तो हातात येतो.

९ डिसेंबर, सोमवार. हिशोब

कापड आणि खण २,३१०. सांगाडा ३,०००. दिवे १,७२०. फुलं आणि पाला: झेंडू २,७००, शेवंती १,४००, निशिगंध ७८०, गुलाब १,१४०, पाला ९००, केळी ८००, मिळून ७,७२०. वरमाला २,२००. मजुरी ४,८०० आणि टेम्पोच्या दोन फेऱ्या ३,६००, मिळून ८,४००. बोळकी ६००, फलक १,२००, रांगोळी ४००. सुतळी, बाइंडिंग तार, पिना, सुया, पत्रावळी १,१००. कार्यालयाने किल्ली देताना मागितलेली सफाई १,०००. एकूण २९,६५०.

राखीव ३,२०० पैकी २,८५० गेले: पाचवा खांब ५००, चौथा माणूस १,२००, सफाई १,०००, शेवंतीचा वाढीव भाव १५०.

टेम्पोची दुसरी फेरी वाचू शकली असती, मंडपवाल्याच्या गाडीतच हारे बसतात. पुढच्या कामात सांगाड्याच्या भाड्यात वाहतूक धरून बोलायचं आणि हाऱ्यांची मापं त्याला आधी द्यायची: तळ दोन फूट, एकावर एक ठेवायचे नाहीत.

अनामत पूर्ण परत. मांजरपाटाचे नऊही पट्टे धुऊन वाळत आहेत, दोनांवर झेंडूचा पिवळा ठसा राहिला, ते अस्तरालाच.